हा आवाज असा का आहे? एम्परर बँडच्या १९९२ च्या डेमोबद्दल

नॉर्वेतल्या एम्परर या ब्लॅक मेटल (हेवी मेटलचा गडद, खरखरीत, टोकाचा प्रकार) बँडचा ‘रॅथ ऑफ द टायरंट’ हा डेमो पहिल्यांदा कानावर पडला की बहुतेकांना वाटतं, रेकॉर्डिंग बिघडलंय. ड्रम्स भिंतीपलीकडे वाजल्यासारखे येतात. गिटारचा अखंड खरखराट चालू असतो, बेस शोधावा लागतो आणि गाणारा कुठूनतरी लांबून किंचाळत असतो. तरीही हा डेमो गेली तीस वर्षं पुन्हा पुन्हा छापला जातो, आणि मेटलची आवड असलेले लोक त्याचं नाव प्रेमाने घेतात. हे प्रेम नुसत्या जुन्या आठवणींचं नाही, असं मला मनापासून वाटतं. या आवाजातला काही भाग यंत्राने केला आहे आणि काही भाग वाजवणाऱ्यांनी. हे दोन भाग वेगळे करता आले की आत काय चाललंय ते ऐकू यायला लागतं, आणि जे चाललंय ते फार महत्त्वाकांक्षी आहे.

आधी डेमो म्हणजे काय ते सांगतो. बँडकडे रेकॉर्ड कंपनी नसते, स्टुडिओचे पैसे नसतात. मग आपण काय करू शकतो हे दाखवण्यासाठी ती सरावाच्या खोलीतच गाणी रेकॉर्ड करते, कॅसेटवर उतरवते आणि त्या कॅसेटच्या प्रती वाटते किंवा विकते. बहुतेक संगीतप्रकारांत डेमो हा कच्चा खर्डा असतो, अल्बम निघाला की त्याला कुणी विचारत नाही. ब्लॅक मेटलमध्ये तसं झालं नाही. तिथे डेमोला स्वतंत्र कलाकृतीचा मान मिळाला. असं का झालं, ते कॅसेटच्या पट्टीपासून समजून घ्यावं लागेल.

एम्परर हा नॉर्वेच्या दक्षिणेकडच्या टेलेमार्क भागातल्या नोटोडेन गावचा बँड. गाव छोटं, औद्योगिक. जलविद्युत आणि खत कारखान्यांमुळे वाढलेलं. तिथे १९८८ पासून ब्लूज संगीताचा महोत्सव भरतो आणि जवळच हेडाल इथे नॉर्वेतलं सर्वांत मोठं लाकडी मध्ययुगीन चर्च उभं आहे. या परिसरात इसान आणि सॅमोथ हे दोन मुलगे शाळकरी वयात एका रॉक संगीताच्या शिबिरात भेटले. आधी त्यांनी डेथ मेटल हा हेवी मेटलचाच दुसरा एक टोकाचा प्रकार वाजवला. ‘दाऊ शॅल्ट सफर’ या नावाच्या बँडमधून १९९१ साली त्यांचा एक डेमोही निघाला होता. मग त्यांना वेगळी वाट दिसली आणि मॉर्टिस या तिसऱ्या मुलाला घेऊन त्यांनी एम्परर सुरू केला. १९९२ च्या मे महिन्याच्या सुमारास हा डेमो रेकॉर्ड झाला तेव्हा इसान सोळा वर्षांचा होता. गिटार, की-बोर्ड आणि गाणं त्याच्याकडे, बेस मॉर्टिसकडे, ड्रम्स सॅमोथकडे. सॅमोथ मुळात गिटारवाला. ड्रम्सवर दुसरं कुणी नव्हतं म्हणून तो बसला. डेमोतली लय मधूनमधून डगमगते त्याचं एक साधं कारण हेच आहे.

आता यंत्राकडे येऊ. हा डेमो चार ट्रॅकच्या पोर्टास्टुडिओवर रेकॉर्ड झाला. हे यंत्र म्हणजे साध्या ऑडिओ कॅसेटवर चालणारा छोटा घरगुती स्टुडिओ. टास्कॅम कंपनीने १९७९ मध्ये असं पहिलं यंत्र बाजारात आणलं. आपल्या नेहमीच्या कॅसेटच्या पट्टीवर लांबीभर जाणाऱ्या चार अरुंद पट्ट्या, म्हणजे ट्रॅक, असतात: ए बाजूच्या डाव्या-उजव्या मिळून दोन, बी बाजूच्या दोन. पोर्टास्टुडिओ या चारही पट्ट्या एकाच दिशेने वापरतो. त्यामुळे पहिल्या पट्टीवर ड्रम्स घ्यायचे, ते ऐकत दुसऱ्या पट्टीवर गिटार वाजवायची, मग तिसरीवर की-बोर्ड, चौथीवर आवाज, असं करता येतं. एकच माणूस तीन वाद्यं वाजवू शकतो. सोळा वर्षांच्या इसानला एकट्याने गिटार, की-बोर्ड आणि आवाज देता आला तो या सोयीमुळे.

पण सोयीची किंमत पट्टीवर मोजावी लागते. कॅसेटची संपूर्ण पट्टी ३.८१ मिलिमीटर रुंद. तिच्यात चार ट्रॅक आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा बसवायच्या, म्हणजे एका ट्रॅकच्या वाट्याला एक मिलिमीटरही येत नाही. पट्टीवरचे चुंबकीय कण पूर्णपणे सारखे बसलेले नसतात. त्या अनियमिततेतून सतत एक बारीक ‘स्स्स’ येत असतो. ट्रॅक जितका अरुंद, तितका हा आवाज संगीताच्या तुलनेत मोठा.

दुसरी अडचण वेगाची. साधी कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर पळते. काही पोर्टास्टुडिओ ती दुप्पट वेगाने पळवतात. त्या काळच्या मोठ्या स्टुडिओतली दोन इंच रुंदीची टेप सेकंदाला ३८ किंवा ७६ सेंटीमीटर पळायची. एवढा फरक का पडतो? समजा झांजेचा दहा हजार हर्ट्झचा सूर रेकॉर्ड करायचा आहे. ४.७६ च्या वेगाने पट्टी जात असेल तर त्या सुराच्या एका पूर्ण आवर्तनाला पट्टीवर जेमतेम पाच हजारांश मिलिमीटर जागा मिळते. इतकी बारीक खूण लिहिणं आणि नंतर नीट वाचणं यंत्राला जड जातं. म्हणून वरचे सूर बोथट होतात, झांजा चमकत नाहीत, नुसत्या सळसळतात.

तिसरी गोष्ट म्हणजे चार ट्रॅक लवकर संपतात. पाचवी गोष्ट घालायची असेल तर आधीच्या दोन-तीन ट्रॅक्सचं मिश्रण करून ते उरलेल्या ट्रॅकवर उतरवायचं आणि मोकळे झालेले ट्रॅक पुन्हा वापरायचे. प्रत्येक वेळी मूळ ‘स्स्स’मध्ये नवा मिसळतो, वरचे सूर आणखी झिजतात आणि एकदा झालेलं मिश्रण परत सोडवता येत नाही. ड्रम्स जास्त वाटले तरी मग कमी करता येत नाहीत. शिवाय पट्टीवर आवाज फार जोरात घेतला की ती ‘भरते’, म्हणजे शिखरं कापली जातात आणि सगळं एका पातळीवर दाबलं जातं. हळू आणि जोरात यांतला फरक पुसट होतो. ब्लॅक मेटलच्या जुन्या डेमोंमध्ये सगळं एकाच भिंतीसारखं समोर येतं, त्यामागे हा दाबही असतो.

हे झालं यंत्राचं काम. आता वाजवणाऱ्यांचं.

गिटारवर या संगीतात ट्रेमोलो पिकिंग करतात. एकाच सुरावर किंवा स्वरसमूहावर प्लेक्ट्रम (तारा छेडायची छोटी चकती) खाली-वर इतकं वेगाने फिरवायचं की वेगवेगळे आघात ऐकू येऊ नयेत, सूर लांबलचक धरल्यासारखा वाटावा. गिटारचा सूर छेडला की लगेच विरायला लागतो. या युक्तीने तो विरत नाही. त्यावर डिस्टॉर्शन असतं. डिस्टॉर्शनमध्ये विद्युतलहरीची शिखरं कापली जातात आणि त्या कापण्यातून मूळ सुराच्या वरचे अनेक नवे स्वर जन्मतात. तानपुऱ्याची जवारी लागली की एका तारेतून वरचे स्वर उमलायला लागतात आणि दोन सुरांमधली हवाही भरल्यासारखी वाटते, तसंच काहीसं इथे होतं, फक्त कितीतरी खरखरीत.

इथे एक बारीक मुद्दा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. हेवी मेटल आणि थ्रॅश या त्याच्या वेगवान प्रकारातले गिटारवाले डिस्टॉर्शनखाली सहसा दोनच सूर एकत्र वाजवतात, सा आणि पंचम. या दोन सुरांचं नातं इतकं साधं की डिस्टॉर्शनमध्येही ते स्वच्छ राहतं. त्यात कोमल गंधार घातला की सुरांच्या परस्परक्रियेतून नवे, बेसूर वाटणारे स्वर तयार होतात आणि आवाज गढूळ होतो. म्हणून बहुतेक जण ते टाळतात. नॉर्वेच्या ब्लॅक मेटलने मुद्दाम हा कोमल गंधारवाला पूर्ण स्वरसमूह उचलला आणि तो ट्रेमोलोने वाजवला. मेहेम बँडचा युरॉनिमस आणि थॉर्न्सचा स्नोरे रूख या दोघांना या पद्धतीचं श्रेय दिलं जातं. थॉर्न्सचा १९९१ चा ‘ग्रिमिर्क’ हा डेमो त्या वर्तुळात हातोहात फिरला होता. म्हणजे हा गढूळपणा निव्वळ स्वस्त यंत्रामुळे आलेला नाही. महागड्या स्टुडिओतही तो राहिला असता, कारण तो सुरांच्या निवडीत आहे.

ड्रम्सवर ब्लास्ट बीट असतो. पायाने वाजणारा मोठा ड्रम, स्नेअर हा हाताशी असलेला छोटा कडक आवाजाचा ड्रम आणि झांज यांचे आघात अतिद्रुत गतीने, जवळजवळ न थांबता. नवख्या श्रोत्याचं लक्ष इथे अडकतं, त्याला वाटतं हे संगीत फार वेगवान आहे. पण गिटारचे स्वर किती वेळाने बदलतात ते मोजून पाहा. ते चांगलेच सावकाश बदलतात. वर अतिद्रुत लय आणि खाली विलंबित चाल, असा हा मामला आहे. कान एकदा त्या विलंबित चालीवर स्थिरावला की वरचा गोंधळ पार्श्वभूमीत जातो आणि एक उदास, लांब पल्ल्याची धून उलगडते. हे जमलं की अर्धं काम झालं.

गाणाऱ्याचा आवाज हा तिसरा घटक. ही किंकाळी फक्त घसा फाडून काढलेली नसते. स्वरतंतू आणि त्यांच्या वरच्या पडद्यांवर दाब देऊन आवाजातला सूर जवळपास घालवायचा आणि खरखर ठेवायची, असं ते तंत्र आहे. त्यावर रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा चढवतात. आपला मेंदू घुमाऱ्यावरून अंतर ओळखतो: थेट आवाज कमी आणि घुमारा जास्त म्हणजे माणूस लांब, जागा मोठी. त्यामुळे सरावाच्या छोट्या खोलीत रेकॉर्ड झालेली किंकाळी डोंगरदरीतून आल्यासारखी वाटते. शब्द कळत नाहीत, आणि ते कळावेत हा हेतूही नाही.

‘रॅथ ऑफ द टायरंट’ इतर डेमोंपासून वेगळा होतो तो की-बोर्डमुळे. त्या काळी की-बोर्ड बहुधा सुरुवातीच्या वातावरणनिर्मितीपुरता असायचा. इथे तो काही ठिकाणी गाण्याच्या आत शिरतो आणि गिटारमागे लांब स्वर धरतो. आवाज स्वस्त आहे, हे मान्य. पण त्यामागची कल्पना स्वस्त नाही. या मुलाला वाद्यवृंद हवा होता आणि हाताशी एक की-बोर्ड नि एक कॅसेट होती. ‘मून ओव्हर कारा-शेहर’सारख्या गाण्यात धूनच मुळी मोठ्या पटावर रचलेली आहे, ती त्या अरुंद पट्टीत कोंबली गेली आहे, आणि ती कोंबलेली अवस्था ऐकताना अंगावर येते. पुढच्या काळात ‘सिंफनिक ब्लॅक मेटल’ म्हणून जे प्रसिद्ध झालं, त्याची मुळं इथे उघडी दिसतात.

हे सगळं लोकांपर्यंत गेलं टपालाने. टेप ट्रेडिंग ही त्या काळची जगभर पसरलेली व्यवस्था होती. तुम्ही तुमच्याकडच्या कॅसेट्सची यादी पाठवायची, समोरच्याने त्याची, मग एकमेकांना प्रती करून द्यायच्या. पाकिटात छोटी हस्तपत्रकं भरायची, म्हणजे एका पत्रातून दहा बँडची बातमी पुढे जायची. टपालखर्च वाचवायला काही जण तिकिटांवर साबणाचा किंवा गोंदाचा थर द्यायचे, म्हणजे शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरता यायचं, आणि पत्रात विनंती असायची की माझी तिकिटं परत पाठव. नॉर्वेत ‘स्लेयर’ नावाचं हौशी मासिक आणि १९९१ साली ऑस्लोत सुरू झालेलं ‘हेल्वेटे’ हे युरॉनिमसचं दुकान ही या जाळ्याची मोठी ठिकाणं होती. प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत, असं होत कॅसेट पोचेपर्यंत आवाज आणखी झिजलेला असायचा. दूरच्या देशातल्या श्रोत्याने ऐकलेला एम्परर हा नोटोडेनच्या खोलीतल्या मूळ कॅसेटपेक्षाही धूसर असणार. त्याने प्रेम केलं ते त्या धूसर रूपावर.

याच डेमोने बँडला कंपनी मिळवून दिली. इंग्लंडमधल्या कँडललाइट रेकॉर्ड्सने त्यांना करारबद्ध केलं आणि डिसेंबर १९९२ मध्ये ते खऱ्या स्टुडिओत गेले. आता ड्रम्सवर फाउस्ट आला, सॅमोथ पुन्हा गिटारवर. त्या सत्रात नव्या गाण्यांबरोबर ‘नाइट ऑफ द ग्रेव्हलेस सोल्स’ आणि ‘रॅथ ऑफ द टायरंट’ ही डेमोतलीच दोन गाणी पुन्हा रेकॉर्ड झाली आणि १९९३ मध्ये ‘एम्परर’ नावाच्या मिनी अल्बमवर आली. समजून घेऊ इच्छिणाऱ्यासाठी ही सोन्यासारखी गोष्ट आहे. तीच गाणी, मधे काही महिन्यांचंच अंतर, फक्त ड्रमर आणि यंत्र वेगळं. दोन्ही शेजारी ठेवून ऐका. स्टुडिओतल्या आवृत्तीत लय ताठ उभी राहते, गिटारचे सूर सुटे होतात, डेमोत अंदाजाने ऐकलेल्या जागा स्पष्ट दिसतात. चाल मात्र तीच असते. गाणं खोलीतच पूर्ण रचलेलं होतं, ही गोष्ट मग पुराव्यानिशी कळते. १९९३ च्या जुलैमध्ये बँड बर्गेनच्या ग्रीगहॉलेन या सभागृहात गेला. एडवर्ड ग्रीग या संगीतकाराच्या नावाचं हे सभागृह म्हणजे तिथल्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचं घर. तिथे पिटन या ध्वनिमुद्रकाबरोबर जे रेकॉर्ड झालं तो १९९४ चा ‘इन द नाइटसाइड एक्लिप्स’. ज्याला डेमोतला की-बोर्ड फिका वाटला त्याने हा अल्बम ऐकावा. डेमोत जी इच्छा होती ती इथे पुरी झाली.

एक गोष्ट टाळून पुढे जाणं मला पटत नाही. डेमोनंतरच्या काही महिन्यांत या वर्तुळात गंभीर गुन्हे घडले. ऑगस्ट १९९२ मध्ये फाउस्टने लिलेहामर इथे एका समलिंगी माणसाचा खून केला, आणि १९९४ मध्ये त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली. सॅमोथला स्कोल्ड इथलं चर्च जाळल्याबद्दल तुरुंगात जावं लागलं. म्हणजे डिसेंबरच्या त्या स्टुडिओतल्या सत्रात ड्रम्स वाजवणाऱ्या माणसाच्या हातून चार महिन्यांपूर्वी एकाचा जीव गेलेला होता. खून हा खून आहे आणि जाळलेलं चर्च गावकऱ्यांचं होतं. संगीत कितीही चांगलं असलं तरी त्याचं वजन कमी होत नाही, आणि त्या गुन्ह्यांभोवती जे थरारक वलय तयार केलं जातं ते मला अत्यंत चुकीचं वाटतं. हे संगीत त्या बातम्यांमुळे मोठं झालं, असं म्हणणाऱ्यांनी डेमो लक्ष देऊन ऐकावा. तो त्याआधीचा आहे.

मग प्रश्न उरतो, चांगल्या स्टुडिओत जाण्याची सोय झाल्यावरही इतर बँड खराब आवाजाला का चिकटून राहिले? त्यासाठी तेव्हाच्या डेथ मेटलकडे पाहायला हवं. फ्लोरिडाचा मॉरिसाउंड आणि स्टॉकहोमचा सनलाइट या दोन स्टुडिओंतून इतके अल्बम निघत होते की त्यांचा आवाज ओळखीचा, ठरावीक झाला होता. डार्कथ्रोन या नॉर्वेजियन बँडने १९९१ चा पहिला अल्बम सनलाइटमध्येच केला होता. पुढच्याच वर्षी त्यांनी दिशा बदलली, आणि १९९४ च्या ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’साठी तर ते ठरवून घरच्या चार ट्रॅकच्या यंत्राकडे वळले. एम्पररसाठी १९९२ मध्ये जी गरज होती ती दोन वर्षांत दुसऱ्यांसाठी निवड झाली होती. नंतर जगभरातल्या असंख्य बँडनी महागड्या संगणकावर रेकॉर्ड करून मुद्दाम तो जुना ‘स्स्स’ मिसळायला सुरुवात केली. यातलं बरंचसं मला पोकळ वाटतं. ‘रॅथ ऑफ द टायरंट’मध्ये यंत्र आणि इच्छा यांची झटापट ऐकू येते. नक्कल करणाऱ्यांकडे झटापट करायला काहीच नसतं, त्यामुळे फक्त धूर राहतो.

ऐकायचाच असेल तर कसा ऐकावा? आवाज फार मोठा ठेवू नका. मोठ्या आवाजात वरची खरखर कान लवकर थकवते आणि मग काहीच वेगळं कळत नाही. पहिल्या वेळी फक्त गिटारच्या वरच्या कडेने जाणारी धून पकडा, ड्रम्सकडे दुर्लक्ष करा. दुसऱ्या वेळी की-बोर्ड कुठे येतो आणि कुठे थांबतो ते पाहा. बेस तिसऱ्या वेळेसाठी ठेवा, तो हेडफोनवर तुकड्यातुकड्याने सापडतो. मग ‘नाइट ऑफ द ग्रेव्हलेस सोल्स’ची स्टुडिओतली आवृत्ती लावा आणि लगेच डेमोतली पुन्हा ऐका. कँडललाइटने १९९८ मध्ये हा डेमो आणि तो मिनी अल्बम एकाच सीडीवर आणले, त्यामुळे दोन्ही एकत्र मिळतात.